अकराचं ऊन

"घरात ऊन येतं का?" हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं.

माझा एक्स-रे त्यांच्या मागच्या उजेडाच्या पेटीवर लावलेला होता. मांडीचं हाड जिथे खुब्यात शिरतं, तिथे पेनाचं टोक टेकवून त्यांनी मला एक फिकट आडवी रेघ दाखवली. एवढ्याशा रेघेपायी मी वर्षभर कण्हत होते यावर माझा विश्वास बसेना. रक्ताचे रिपोर्टही समोर होते. व्हिटॅमिन डी जवळजवळ संपलेलं. अल्कलाइन फॉस्फटेज, म्हणजे हाडात काहीतरी बिनसलं की रक्तात वाढणारं द्रव्य, ते वाढलेलं.

"याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात," ते म्हणाले. हाडं मऊ पडणं. म्हातारपणी हाडं विरळ होतात तो आजार वेगळा. यात हाड तयार होतं, पण पक्कं होत नाही. भिंत बांधली आणि सिमेंट घालायला विसरलो, असं. ती रेघ म्हणजे हाडाला गेलेली चीर. भरून आली तर आली, नाहीतर ऑपरेशन करून आत रॉड घालावा लागेल.

मी सेहेचाळीस वर्षांची होते. रॉड ऐकल्यावर रडू यायला हवं होतं. पण मी अडकले होते त्यांच्या पहिल्याच प्रश्नावर. घरात ऊन येतं का म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर माझं घर आलंच नाही. माझ्या जुन्या शेजारणीची, नीलिमाची गॅलरी आली. पूर्वेची, तिसऱ्या मजल्यावरची, उन्हाने भरून वाहणारी. आणि त्या गॅलरीला तिने लावलेले जाडजूड पडदे. असा काही जळफळाट झाला की डॉक्टर पुढे काय बोलले ते मला नंतर नवऱ्याकडून समजून घ्यावं लागलं.

हे मी लिहायला घेतलं ते माझ्यासारख्या बायकांसाठी. ज्यांना बसल्या जागेवरून उठताना मांड्या भरून येतात, जिना चढताना कठड्याला धरून स्वतःला ओढावं लागतं, आणि ज्यांना सगळे सांगतात की वय झालं.

मलाही सगळ्यांनी तेच सांगितलं. आधी मांड्या दुखायला लागल्या, मग कंबर, मग बरगड्या. कूस बदलली तरी बरगडीतून कळ जायची. शेवटी शेवटी मी बदकासारखी डुलत चालायला लागले. ओळखीच्या डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं. दुसऱ्या एका बाईंनी मन रमवा म्हटलं. मी तेल चोळलं, शेक घेतला, दुकानातून कॅल्शियमच्या गोळ्या आणून खाल्ल्या. त्या खुशाल खाव्यात, पण व्हिटॅमिन डी नसेल तर ते कॅल्शियम पुरेसं अंगी लागत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

आता माझ्या दिवसाचा हिशोब ऐका. मी सदाशिव पेठेत एका अभ्यासिकेची व्यवस्था बघते. स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली तिथे दिवसभर बसून वाचतात. अभ्यासिका तळघरात आहे. सकाळी ट्यूबलाइट लावायच्या आणि संध्याकाळी दुसऱ्या बाई आल्या की निघायचं. घर दोनच गल्ल्या पलीकडे, तरी मी जाणार स्कूटरवर. पुण्यात बाई स्कूटरवर बसली की तिचे फक्त डोळे दिसतात. तोंडाला स्कार्फ, अंगात सनकोट, हातात कोपरापर्यंत मोजे. सोळाव्या वर्षापासून मी हा सरंजाम इमानेइतबारे करत आले. रंग उतरू नये म्हणून. रंग राहिला, अगदी नितळ राहिला. डॉक्टरांनी माझ्या हातांकडे बघून विचारलं, की गेल्या वर्षभरात या हातांनी ऊन पाहिलं आहे का. मी म्हटलं, नाही.

राहता राहिलं घर. त्या घराची गोष्ट सांगितल्याशिवाय माझा आजार पुरा होत नाही.

आमची जुनी इमारत पाडून तिथे नवी झाली. जुन्या इमारतीत आम्ही सगळे भाडेकरू. दोन खोल्या, पुढे सगळ्यांची मिळून एक लांब गॅलरी. संडास सार्वजनिक होते आणि सकाळी तिथे रांग असायची, तेव्हा मी त्या दिवसांचे गोडवे गाणार नाही. पण गॅलरीत ऊन होतं आणि ते कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं. नीलिमा आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन त्या इमारतीत आलो. दोघी त्या गॅलरीत गहू निवडायचो, केस वाळवायचो, मुलांना तेल लावून पायांवर घेऊन बसायचो.

बिल्डरने नव्या इमारतीच्या दोन विंग काढल्या. रस्त्याकडची विकायला, मागची भाडेकरूंना. मागच्या विंगला लिफ्ट नाही. आमचा फ्लॅट तळमजल्यावर, पार्किंगच्या पाठीमागे. खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. दिवसा दिवा लावल्याशिवाय आमच्याकडे तांदूळ निवडता येत नाहीत. ज्यांना वरची रक्कम भरणं शक्य होतं, त्यांना बिल्डरने पुढच्या विंगमध्ये घेतलं. नीलिमाच्या नवऱ्याने भरली. माझे यजमान स्वारगेटला गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात नोकरीला आहेत. आमच्याच्याने ते होण्यासारखं नव्हतं. फरशी मात्र दोन्ही विंगना सारखीच दिली, आणि आम्ही मागचे लोक चार वर्षं त्या फरशीवर खूश होतो.

म्हणजे इतर खूश होते. मी नीलिमावर जळत होते.

तिला एवढी गॅलरी मिळाली आणि बाईसाहेबांनी तिला पडदे लावले. मी एकदा विचारलं तर म्हणाली, सोफ्याचा रंग उडतो ना उन्हाने. सोफ्याचा! मी घरी आले आणि यजमानांना म्हटलं, देवाने दात दिलेत त्यांना भाकरी चावायची नाही. तिची मोटारसुद्धा उन्हात. पार्किंगच्या तोंडाशी सकाळी एक पट्टा ऊन येतं, आख्ख्या आवारात तेवढंच, आणि तिथे तिची गाडी असते, वर कव्हर घालून. नीलिमा आता घरातसुद्धा लांब बाह्यांचे कुडते घालायला लागली होती. पुढच्या विंगमध्ये गेल्यावर अंगावर कपडेही वेगळे चढतात, असं मी म्हणत असे.

गच्ची आहे का, असं तुम्ही विचाराल. आहे. पुढच्या लिफ्टनेच तिथे जाता येतं. दाराला कुलूप आणि कुलपाशेजारी पाटी: 'गच्ची बंद आहे. किल्ली मागू नये. कारण विचारू नये.' आम्ही सगळ्यांनी ती वाचली होती आणि कुणी काही विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी मला वॉकर दिला. दुखऱ्या पायावर भार टाकायचा नाही. आठवड्याला व्हिटॅमिन डीच्या पावडरीचं एक पाकीट दुधातून, रोज कॅल्शियम, आणि ऊन. अभ्यासिकेतून मी बिनपगारी रजा घेतली.

पुढच्या तपासणीला दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी मार्केट यार्डातली एक बाई बसली होती. कांद्याच्या गाळ्याबाहेर बसून कांदा निवडायचं काम. दोन्ही गुडघे झिजलेले. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, उकिडवं बसू नका, ओझं उचलू नका, खुर्चीवर बसून काम करा. हे सांगताना तिला हसू आवरत नव्हतं. मी तिच्या रापलेल्या, काळ्याभोर हातांकडे बघत राहिले. मला त्या हातांचाही हेवा वाटला. न राहवून मी तिला माझा आजार सांगितला आणि म्हटलं, तुमच्याकडे आहे तेच मला डॉक्टरांनी लिहून दिलंय.

ती म्हणाली, "मग न्या की बाई माझं ऊन. लई हाय. तुमची खुर्ची तेवढी द्या मला."

तिचं नाव पुकारलं तेव्हा ती दोन हातांनी गुडघे दाबत उठली. मी तिला हात दिला, आणि दोघीही पडता पडता वाचलो.

नीलिमाला माझ्या वॉकरची बातमी लागली आणि ती भेटायला आली. सगळं ऐकून लगेच म्हणाली, की रोज सकाळी माझ्या गॅलरीत येऊन बस, सातला मस्त कोवळं ऊन येतं. माझ्या तोंडून 'नाही' निघेना. तिचं ऊन तिने मला द्यावं आणि मी ते घ्यावं, हे मला फार लागलं. पण रॉडची भीती जास्त होती. दुसऱ्या दिवसापासून मी वॉकर टेकत पार्किंग ओलांडायचे आणि लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर जायचे.

ती पडदा सरकवायची, खुर्ची ठेवायची, चहा आणून द्यायची आणि आत निघून जायची. माझ्यासोबत बाहेर कधी बसली नाही. आतून, सावलीतून गप्पा मारायची. मी मनात म्हणायचे, बरोबर आहे, आता आम्ही मागच्या विंगचे. आणि दहाच्या आत पडदे पुन्हा बंद, सोफ्यासाठी.

दीड महिन्यात दुखणं पुष्कळ कमी झालं. वॉकर गेला, काठी आली. मी कामावर जायला लागले. डॉक्टरांनी आठवड्याचं पाकीट आता महिन्याला एक केलं होतं. इथे मी एक घोटाळा केला, तो तुम्ही करू नका. मला वाटलं, रोज सकाळी कोवळं ऊन घेतेच आहे, आता औषध कशाला? आपल्याकडे बाळाला, बाळंतिणीला, आजारी माणसाला, सगळ्यांना कोवळंच ऊन सांगतात. मी पाकिटं बंद केली आणि कोवळ्या उन्हावर भिस्त ठेवली. थंडी संपता संपता मांड्या पुन्हा भरून यायला लागल्या.

नव्या एक्स-रेत रेघ तिथेच होती. किंचित ठळक.

डॉक्टर रागावले नाहीत, पण खुर्चीत मागे टेकले. त्यांनी विचारलं की ऊन किती वाजता घेता. मी सांगितलं.

"ताई, कोवळ्या उन्हात बरं वाटतं, पण त्यात व्हिटॅमिन डी जवळपास तयार होत नाही," ते म्हणाले. "ऊन अकरानंतरचं लागतं. हातपाय उघडे ठेवून, पंधरा-वीस मिनिटं. आणि पाकिटं मी सांगेपर्यंत बंद करायची नाहीत. आता चुकलं तर मला रॉड घालावा लागेल."

रिक्षात मी हिशोब मांडत बसले. रॉड घातला की रजा, मग नोकरी राहील की नाही ते माहीत नाही. पाकिटं मी घेणारच होते. पण मुळात हाडं मऊ पडली ती घरात आणि कामावर ऊन नव्हतं म्हणून. पाकिटांवर जन्म काढायचा नसेल तर अकराचं ऊन मिळवायला हवं होतं. लोक सांगायचे, सारसबागेत जाऊन बसा. काठी टेकत भर कामाच्या वेळी सारसबाग गाठणारी बाई मला दाखवा. अकराला अभ्यासिकेतून अर्ध्या तासाची सुट्टी मिळणार होती, आणि तेवढ्यात पोचता येईल असं ऊन एकाच ठिकाणी होतं. त्या ठिकाणी त्या वेळी पडदे असायचे.

मला डाव्या खुब्यापेक्षा नीलिमाची बेल वाजवणं जड गेलं. सकाळचं ऊन तिने आपणहून दिलं होतं. अकराचं मला मागावं लागणार होतं.

तिने दार उघडलं. घरात अंधार होता. मी उभ्या उभ्याच सगळं एका दमात सांगून टाकलं आणि शेवटी, तोंडात आलंच म्हणून, हेही म्हटलं: "तुझ्या सोफ्यावर मी चादर घालीन. रंग उडणार नाही."

नीलिमा गॅलरीपर्यंत गेली, पडद्याच्या दोऱ्या माझ्या हातात दिल्या आणि स्वतः मागे, पार स्वयंपाकघराच्या दारापर्यंत सरकली. म्हणाली, "आता ओढ."

मी पडदा ओढला. ऊन आत आलं, आणि ती भिंतीच्या आडोशाला गेली.

"सोफ्याचं काही नाही गं," ती तिथून म्हणाली. "मला ऊन चालत नाही. ल्यूपस आहे मला."

ल्यूपस म्हणजे काय, हे तिनेच मला सांगितलं. शरीरात रोगांशी लढणारी जी फौज असते ती आपल्याच शरीरावर उलटते. सांधे धरतात, ताप येतो, मूत्रपिंडावर येऊ शकतं. ऊन लागलं की तो आजार भडकतो. तिने कुडत्याची बाही वर केली. दंडावर लाल चट्टे होते. नव्या घरात आल्यावर वर्षभरात निदान झालं होतं. म्हणजे गॅलरीचे पैसे भरून झाल्यावर. माझ्यासारखीच व्हिटॅमिन डीची पाकिटं तिलाही चालू होती. तिच्याकडे ऊन होतं, पण तिला ते घेता येत नव्हतं.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस.

"सईचं लग्न ठरू दे. आईला असं काही आहे म्हटलं की लोक मुलीची चौकशी करायला लागतात. तूही कुठे बोलू नकोस." (इथे दोघी मायलेकींची नावं मी बदलली आहेत आणि तिला विचारूनच हे लिहिते आहे.) मग म्हणाली, "तुझं घर मला किती आवडतं, माहितीये? गार असतं, अंधार असतो. तुझ्याकडे आले की वाटायचं, हिला बरं मिळालं."

"तू माझ्यावर जळत होतीस?"

"मग काय."

मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर त्याच्या बरोबरीने आत कुठेतरी गारही वाटलं. चार वर्षं जिच्यावर जळले ती माझ्या अंधारावर जळत होती. दोघींना एकमेकींची घरं मिळायला हवी होती आणि पैशांनी ती उलटी वाटली. घरं बदलायची गोष्ट आम्ही गमतीतही काढली नाही. पुढच्या विंगची किंमत आणि मागच्या विंगची किंमत दोघींना चांगली माहीत होती.

आम्ही किल्ल्या बदलल्या. अकरा वाजता मी तिच्या गॅलरीत, बाह्या गुंडाळून, साडी पोटऱ्यांपर्यंत वर घेऊन. ती माझ्या घरात. तिच्याकडे दिवसभर चारी बाजूंनी उजेड घुसतो, तिला नीट पडताही येत नाही. माझ्याकडे ती पलंगावर आडवी व्हायची आणि दुपारी उठून किल्ली खिडकीत ठेवून जायची. माझा रंग काळवंडला. सासूबाई असत्या तर त्यांनी कपाळाला हात लावला असता. मी आरशात बघून खूश व्हायचे.

पुढच्या एक्स-रेत रेघ पुसट झाली होती. त्याच्या पुढच्यात डॉक्टरांनी पेनाचं टोक टेकवलं, पण दाखवायला तिथे काही सापडेना. माझ्या डॉक्टरांचे उपकार मी मानते, कारण वर्षभरात घराबद्दल विचारणारे ते एकटेच. तुमच्या डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्ही आपणहून सांगा: घर कितव्या मजल्यावर आहे, खिडकी कुठे उघडते, काम कुठे करता, ऊन कधी लागतं. आणि घर पाडून बांधणारा येईल तेव्हा फरशी नंतर बघा. आधी अकरा वाजता खिडकीत काय पडेल ते विचारा.

मी इथेच थांबणार होते. पण एक दिवस नीलिमाची किल्ली घेऊन निघाले तेव्हा शेजारची रुबीना दारात उभी होती. पुस्तकबांधणी करणाऱ्या शेखांची धाकटी सून. जुन्या इमारतीपासून शेख आमचे शेजारी. ती तीन महिन्यांचं बाळ खांद्यावर घेऊन माझ्या हातातल्या किल्लीकडे बघत होती. ती नजर मी ओळखली. चार वर्षं मी त्याच नजरेने तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं होतं. माझ्याकडे बघून कुणाला तसं वाटेल, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

मी तिला विचारलं, पाय दुखतात का. ती म्हणाली, "मांड्या भरून येतात, काकू. अम्मी म्हणतात, बाळंतपणाने असेल."

तिला आधी डॉक्टरांकडे धाडलं. नीलिमाची गॅलरी नीलिमाची होती. तिथे मागची सगळी विंग नेऊन बसवण्यासारखी नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी मी आणि रुबीना सोसायटीचे सेक्रेटरी लिमये यांच्याकडे गेलो आणि गच्चीची किल्ली मागितली.

"पाटी वाचली नाहीत का?" लिमये म्हणाले.

"वाचली. गच्ची बंद का आहे?"

लिमये ड्रॉवरमध्ये किल्ली शोधायला लागले. पाटी त्यांच्या आधीच्या सेक्रेटरींनी लावली होती. कारण त्यांनाही माहीत नव्हतं. किल्ली देताना त्यांनी एवढंच बजावलं की तिथे पापड घालायचे नाहीत.

आता अकरा वाजता गच्चीवर मागच्या विंगच्या पाचसहा जणी असतात. रुबीना बाळाला टाकीच्या सावलीत ठेवते आणि स्वतः हात पुढे करून उन्हात बसते. गच्ची मिळाली तरी नीलिमाच्या किल्लीची अदलाबदल मी मोडली नाही. तिला माझं घर लागतंच. परवा चष्मा विसरला म्हणून मी मधेच खाली आले. नीलिमा माझ्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती. बाही वर सरकली होती आणि दंडावरचे चट्टे फिकट झाले होते. त्या घरात मी आजवर इतकी गाढ झोपलेली नाही. मी चष्मा घेतला, दार हळूच ओढून घेतलं, आणि लिफ्टपर्यंत जाताना मला तिचा पुन्हा हेवा वाटला.